हिवाळ्यातील जंगल आणि चौकटीबाहेरची माणसे

छायाचित्रण ही वगळण्याची कला आहे, असे जाणकार सांगतात. चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक रेषा वाढवीत जातो. कॅमेरा हाती घेणाऱ्यासमोर मात्र सगळे जग आधीच हजर असते. त्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे एवढेच त्याला ठरवायचे असते. हे म्हणणे मला मान्य आहे. प्रश्न असा की, काय गाळायचे हे कोणी ठरवायचे? आपल्या गोंदिया जिल्ह्यातील हिवाळी जंगलाची जी छायाचित्रे दरवर्षी कॅलेंडरांवर, रस्त्याकडेच्या फलकांवर आणि आपल्या सर्वांच्या मोबाईलवर फिरत असतात, ती पाहिली म्हणजे वाटते की, हा निर्णय आपण दुसऱ्यांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

या लेखात मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली अशी की, आपल्या हिवाळ्याचे चित्र कसे घ्यावे याचे नियम आपल्याच हवेवरून आणि आपल्याच झाडांवरून बसवले पाहिजेत. दुसरी अशी की, जंगलाच्या चित्रातून जंगलात वावरणारा माणूस गाळण्याची जी रीत पडली आहे, ती निदान आपण तरी डोळे मिटून पाळू नये. मी काही या विषयातील तज्ज्ञ नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि भावाचा मोबाईल हाच माझा कॅमेरा. तरीपण जंगलाच्या कडेला वाढलेल्या मुलीला या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार असावा, असे मानून हे धाडस करीत आहे.

'हिवाळ्यातील जंगल' म्हटले की, छायाचित्रणाच्या परदेशी पुस्तकांत हटकून बर्फ दिसतो. पांढरीशुभ्र जमीन, तिच्यावर उभी काळी खोडे आणि मधोमध लाल कोट घातलेले एखादे माणूस. तेथील सूचनाही बर्फाला धरूनच असतात. त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांच्याकडे हिवाळा तसाच असतो. चूक होते ती आपली, कारण तेच चित्र डोळ्यांत साठवून आपण जंगलाकडे पाहतो आणि मग आपले जंगल आपल्याला भुरकट, विस्कटलेले, 'फोटोत न येणारे' वाटू लागते. माझ्या एका मैत्रिणीने गेल्या डिसेंबरात गावाजवळच्या सागवानाचे एक छान छायाचित्र घेतले आणि मोबाईलमधील एका सोयीने त्यावर बर्फ पाडून सगळ्यांना पाठवून दिले. सागाच्या पानांवर बर्फ! आम्ही पोटभर हसलो. पण नंतर माझ्या मनात आले की, मूळ चित्रात काय कमी होते म्हणून तिला हा उपद्व्याप करावासा वाटला?

गंमत म्हणजे बर्फाशी पिढीजात ओळख असलेली माणसेही आपल्या जिल्ह्यात आहेत. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळा आला की त्यांच्यापैकी कित्येकजण स्वेटरांची गाठोडी घेऊन दूरदूरच्या शहरांत विक्रीला जातात. बर्फाच्या देशातून आलेल्या या लोकांनी येथे धानाची शेती केली, आणि आपण मात्र धानाच्या देशात बसून बर्फाची स्वप्ने पाहतो!

तेव्हा आपला हिवाळा नेमका कसा असतो ते आधी पाहू. दिवाळी सरता सरता धान कापून होतो. बांध्या रिकाम्या होतात, धुऱ्यांवर पुंजणे उभे राहतात, मळणीनंतर तणसीचे ढीग लागतात. थंडी वाढू लागते आणि पौषात एखाद्या आठवड्यात पारा दहा अंशांच्याही खाली जातो. गावोगावच्या तलावांवर आणि बोड्यांवर पहाटे धुके धरते. जंगलात साग अजून पान टाकून मोकळा झालेला नसतो. त्याची मोठमोठी पाने तपकिरी होऊन, किड्यांनी जाळी पाडलेली, झाडावरच खडखडत असतात. धावड्यावर तांबूस छटा चढू लागते. बांबू पिवळट हिरवा दिसतो. म्हणजे आपल्या हिवाळ्याचा रंग पांढरा नाही. तो तणसीचा, वाळल्या पानांचा, राखेचा आणि धुक्याचा रंग आहे. ज्याला हे रंग मळके वाटतात त्याने उन्हाकडे नीट पाहिलेले नाही.

ऊन हा हिवाळी चित्राचा खरा आधार आहे, म्हणून भूगोलाच्या तासाला शिकलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडते. आपला जिल्हा साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशच वर येतो. जूनमध्ये तोच जवळजवळ डोक्यावर असतो. पंचेचाळीस अंशांचा अर्थ असा की, सपाट जमिनीवर पन्नास फूट उंच झाडाची सावली भर दुपारीदेखील पन्नास फूट पडते, आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. उन्हाळ्यात प्रकाश वरून आदळतो. खोडे, पाने, जमीन सारे सपाट दिसते. हिवाळ्यात तो आडवा येतो, खोडाच्या एका बाजूला लागतो, दुसरी बाजू सावलीत ठेवतो, आणि त्यामुळे ऐनाच्या खोडावरच्या सुसरीच्या पाठीसारख्या भेगासुद्धा स्पष्ट उमटतात. कॅमेऱ्याला ऐनाच्या खोडाची गोलाई दाखवायची असेल तर ती या तीन-चार महिन्यांतच.

आता प्रत्यक्ष रचनेविषयी. गेले दोन हिवाळे गावालगतच्या झाडोऱ्यात उभी राहून जे हाती लागले, ते येथे सांगते. ज्यांना हे आधीच ठाऊक असेल त्यांनी क्षमा करावी.

धुक्याचे चित्र घ्यायचे असेल तर उजेडाकडे तोंड करून उभे राहावे. सूर्य पाठीमागे असला तर धुके नुसते पांढरट पडद्यासारखे दिसते. समोर असला म्हणजे धुके आतून उजळते आणि झाडांमधून उन्हाचे पट्टे उतरताना दिसतात. सूर्य थेट डोळ्यांत आणि भिंगात येऊ नये म्हणून तो एखाद्या जाड खोडाआड लपेल अशी जागा शोधावी. आपल्याकडे डिसेंबरअखेर सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो आणि आठ-साडेआठनंतर धुके विरू लागते. म्हणजे हाती दीड-दोन तास असतात. त्यात धावपळ केली तर काहीच मिळत नाही.

धुक्यात जवळचे झाड काळे, त्यामागचे करडे आणि त्याहून मागचे फिके दिसते. डोळ्याला जंगलाची खोली जाणवते ती या पायऱ्यांमुळे. म्हणून चित्रात एक तरी जवळचे खोड असावे. ते नसले तर सारेच फिके पडते आणि पाहणाऱ्याला कोठे उभे राहावे ते कळत नाही.

जंगलात खोडे शेकडो असतात. सगळीच चौकटीत कोंबली तर जंगल न दिसता नुसती गर्दी दिसते. एक झाड मुख्य मानावे आणि बाकीच्यांनी त्याला साथ द्यावी, दंडारीत मुख्य नटामागे झीलकरी उभे असतात तशी. दोन खोडे एकमेकांवर चढून एक होत असतील तर कॅमेरा फिरवून उपयोग नाही. आपणच दोन पावले डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे. दोन पावलांनी सगळे चित्र बदलते. पानगळ झालेल्या फांद्यांच्या वर पांढरे कोरे आकाश राहत असेल तर ते शक्य तेवढे कापावे, कारण डोळा सर्वांत उजळ जागेकडे धावतो आणि तेथे पाहण्यासारखे काही नसते.

उजेडाचे माप घेणारे यंत्र धुक्यात फसते. कॅमेऱ्याचे माप सगळ्या जगाला मध्यम करड्या रंगाचे मानून चालते. त्यामुळे धुक्याची पांढरी सकाळ चित्रात मळकी येते. अशा वेळी उजेड थोडा वाढवावा. मोबाईलमध्ये पडद्यावर बोट ठेवून ते वर सरकवले की हे साधते. उलट, दाट सावलीतल्या खोडावर उन्हाचा एकच कवडसा पडला असेल तर उजेड कमी करावा, म्हणजे कवडसा जळून जात नाही.

आणि शेवटचे म्हणजे, एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावे. नागपूर-मुंबईहून येणाऱ्या छायाचित्रकाराजवळ आपल्यापेक्षा दहापट चांगला कॅमेरा असतो, पण त्याच्याजवळ दोन दिवस असतात. आपल्याजवळ कार्तिकापासून माघापर्यंतचा पुरा हिवाळा असतो. पहिल्या दिवशी जे झाड नुसते झाड वाटते, त्याच्यावर ऊन कधी येते, त्याच्या बुंध्याशी कोळ्याचे जाळे कोठे असते आणि त्यावर दव कितीपर्यंत टिकते, हे दहाव्या दिवशी कळू लागते. परदेशी पुस्तकात यावर उपाय नाही आणि पैशानेही तो मिळत नाही.

अशाच एका झाडामुळे मी या लेखाच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळले. ते झाड कुल्लूचे. हिवाळ्यात सगळी पाने गाळून पांढऱ्या, गुळगुळीत अंगाने उभे राहणारे हे झाड चांदण्यात असे काही दिसते की, लोक त्याला भुताचे झाड म्हणतात. हिवाळी चित्रासाठी याहून चांगला विषय नाही. आपल्या जंगलाला बर्फाची पांढरी जोड हवीच असेल तर ती हीच. पण कुल्लूजवळ गेले की पुष्कळदा त्याच्या खोडावर जुन्या खाचा दिसतात. त्या डिंकासाठी पाडलेल्या असतात. कुल्लूचा डिंक औषधांत आणि खाद्यपदार्थांत वापरला जातो आणि जंगलातल्या माणसांनी तो पिढ्यान् पिढ्या गोळा केला आहे. आपल्या गोंदिया या नावाची एक व्युत्पत्ती अशीच सांगतात की, गोंद म्हणजे डिंक घेऊन येणाऱ्या गोंड लोकांवरून ते पडले. आता चित्र घेताना काय करावे? खोडाची खाच नसलेली, गोरीपान बाजू निवडावी की खाचेची? सुंदर दिसण्याच्या हिशेबाने पहिली बाजू बरी. परंतु जिल्ह्याला ज्या वस्तूने नाव दिले असे आपण सांगतो, त्या वस्तूचीच खूण आपण डाग म्हणून चित्राबाहेर ठेवतो, हे मला पटत नाही.

जंगलाच्या चित्रातून पहिल्यांदा बाहेर जातो तो असा माणसाचा हात. त्यानंतर माणूस जातो, आणि हल्ली तर झाडही जाऊ लागले आहे, कारण सगळी जागा वाघाने व्यापली आहे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ च्या डिसेंबरात दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ वाचला पाहिजे याबद्दल दुमत नाही. २०२३ साली ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या तेव्हा आम्हालाही आनंद झाला, आणि खरे सांगायचे तर थोडी भीतीही वाटली. परंतु वाघाच्या छायाचित्राची हाव ही वेगळी गोष्ट आहे. नागझिऱ्याचा प्रसिद्ध 'जय' २०१३ साली ज्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गेला आणि २०१६ मध्ये कायमचा दिसेनासा झाला, त्याच अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. हातात कॅमेरा असला म्हणजे वाट अडवण्याचा हक्क मिळतो, असे त्या गाड्यांतील लोकांना वाटले असावे. हा हक्क आधी जनावरावर चालतो, मग माणसावर.

माणसावर तो कसा चालतो याचे घरचेच उदाहरण देते. गेल्या पौषात माझी आई आणि शेजारच्या दोघीजणी गावालगतच्या जंगलातून पडलेले सरपण घेऊन परत येत होत्या. वाटेवर बाहेरगावची एक गाडी थांबलेली होती. मागे डोंगर, मध्ये धुके, आडवे ऊन, असे चित्र जुळून आले होते. गाडीतील गृहस्थांनी हात हलवून सांगितले, ''मावशी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.'' डोक्यावरचे भारे तसेच घेऊन तिघी वाट सोडून खाली झुडपांत उभ्या राहिल्या. त्यांचे समाधान होईपर्यंत उभ्या राहिल्या. ते गृहस्थ उद्धट नव्हते, 'मावशी' म्हणाले, जाताना हसून निरोपही घेतला. रात्री चुलीपाशी आईने हे हसतहसतच सांगितले. म्हणाली, ''माजा फोटू नोको होता त्यायले, माज्या मांगचा जंगल पायजे होता.''

आईला त्यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र ते वाक्य तेव्हापासून टोचते आहे. कारण तिने सहज म्हटले ते रचनेचे एक मोठे सूत्रच आहे, जगभर चाललेले. अमेरिकेतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या छायाचित्रकाराने योसेमिटी खोऱ्याची, विशेषतः तेथील हिवाळ्याची, जी कृष्णधवल चित्रे घेतली ती जगात नावाजलेली आहेत. मी ती मोबाईलवरच पाहिली. तेवढ्यातही त्यांतला प्रकाश पाहून थक्क व्हायला होते. कडे, बर्फ, देवदाराची रांग, ढग. माणूस बहुधा कोठेच नाही. पाहणाऱ्याला वाटते, येथे कधी कोणी राहतच नसावे. पण राहत होते. त्या खोऱ्यात तेथील मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या राहत होते आणि १८५१ साली गोऱ्यांच्या सशस्त्र तुकडीने त्यांच्यावर चाल करून त्यांना हुसकले. १८९० साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. अ‍ॅडम्सचा जन्म १९०२ चा. त्याने कोणाला हाकलले नाही. परंतु माणसे आधी खोऱ्यातून गेली आणि मग चित्रांतूनही गेली, आणि त्या रिकाम्या चित्रांनाच जग 'अस्सल निसर्ग' म्हणू लागले. जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा, ही समजूत अशी तयार होते.

आपल्याकडे ही समजूत तर मुळातच लागू पडत नाही. नवेगावबांधचेच पाहा. हिवाळ्यात त्या जलाशयावर पाणपक्षी उतरतात, सकाळी पाण्यावर वाफ धरते, भोवती सातबहिणीचे डोंगर निळसर दिसतात. आपल्या जिल्ह्यातील सर्वांत जास्त छायाचित्रे बहुधा याच ठिकाणाची असतील. 'निसर्गाची देणगी' असे शब्द त्यांच्याखाली छापलेले मी वाचले आहेत. ही देणगी निसर्गाची नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला, असे जिल्ह्याचा इतिहास सांगतो. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर देव म्हणून पुजले. आपल्या भागातील शेकडो तलाव कोहळ्यांनी आणि त्यांच्यासारख्या कष्टकऱ्यांनी पाण्याचा उतार ओळखून बांधले. म्हणजे ज्या चित्रात माणूस दिसत नाही, त्या चित्रातले पाणीसुद्धा माणसाने अडवलेले आहे.

सारसाचेही तेच. महाराष्ट्रात हा पक्षी आता प्रामुख्याने आपल्याच जिल्ह्यात उरला आहे आणि त्याची संख्या काही डझनांपुरतीच आहे. माणसाएवढा उंच हा पक्षी घनदाट जंगलात राहत नाही. तो धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या कडेला राहतो, पावसाळ्यात धानातच घरटे करतो. शेतकऱ्याने त्याच्या घरट्याभोवतीचा धान राखला तर तो जगतो. सारसाच्या चित्रातून शेत आणि शेतकरी कापून टाकला तर पक्षी उरेल, पण तो का उरला हे चित्रात राहणार नाही. आणि माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या जंगलात जाऊन पाहावे. अनेक राज्यांतून आलेले गोंड बांधव गुहेकडे चढत असतात. पानगळीच्या त्या रानात पिवळे झेंडे आणि पिवळे फेटे दिसतात. हिवाळी जंगलाचे यापेक्षा रंगीत दृश्य जिल्ह्यात दुसरे नाही, आणि ते माणसांनीच भरलेले आहे.

आपल्या साहित्यिकांनी ही चूक केली नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात येऊन राहिले आणि त्यांनी त्या जंगलाच्या नावाचेच पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते, नवेगावबांधला त्यांनी वर्षानुवर्षे काढली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांची पुस्तके वाचताना लक्षात येते की, झाडांची, पाखरांची कितीतरी नावे त्यांनी जंगलातल्या माणसांच्या तोंडून वेचली. ती माणसे त्यांनी लिखाणाबाहेर ठेवली असती तर त्या शब्दांचे काय झाले असते? लेखणीला जे जमले ते कॅमेऱ्याला का जमू नये?

यावर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. एक आक्षेप असा की, माणसाच्या वावराने जंगल झिजते, मग त्याची तरफदारी का? जंगल झिजते हे खरे आहे. सरपण, चराई, वणवा यांचा परिणाम आम्ही रोज पाहतो. जेथे जनावरांसाठी जंगल मोकळे राखले आहे, त्या गाभ्यातले चित्र माणसाविना येईल आणि ते खरेच असेल. माझा आक्षेप तेथील चित्राला नाही. गावालगतच्या, रोज हजारो पावले पडणाऱ्या, २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांचा हक्क मान्य केलेल्या जंगलातून माणूस हटवून त्याला निर्जन अरण्याचा देखावा देण्याला आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माणूस चित्रात घ्यायचा म्हणजे काय? डोक्यावर मोळी, अंगावर फाटके लुगडे, मागे उगवता सूर्य, अशी चित्रेही काही कमी नाहीत. त्यांना बक्षिसेही मिळतात. अशा चित्रात बाई असते, पण ती झाडासारखीच उभी केलेली असते. तिचे नाव कोणी विचारत नाही. अशा चित्रात येण्यापेक्षा बाजूला उभे राहणे परवडले, असे माझी आईही म्हणेल. तेव्हा माणूस घ्यायचा तर त्याला विचारून घ्यावा, तो जे काम करीत आहे ते समजून घेऊन घ्यावा आणि नको म्हणाला तर कॅमेरा खाली करावा. रचनेच्या दृष्टीनेही यात फायदाच आहे. ज्याला आपले काम माहीत आहे तो उगाच कॅमेऱ्याकडे पाहत बसत नाही. त्याचे हात कामात असतात आणि पाहणाऱ्याचा डोळा आपोआप त्या हातांकडे जातो. धुक्यातल्या फिक्या झाडांपुढे तलावात जाळे फेकणारा ढिवर, तणसीच्या ढिगापाशी शेकोटीवर हात धरून बसलेले आजोबा, बांबूचे कमचे काढणारा बुरड, ही चित्रे प्रकाशाच्या आणि रचनेच्या कसोटीला कोठेच कमी पडणार नाहीत.

तिसरे म्हणणे असे ऐकू येते की, छायाचित्र ही कला आहे, तिच्यावर समाजशास्त्राचे ओझे कशाला? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे हे ओझे मी लादत नाही. कोणाला चौकटीत ठेवायचे आणि कोणाला बाहेर काढायचे हे ठरवले की ओझे आपोआप आलेच. फक्त ते ज्याच्या डोक्यावर असते तो चित्रात दिसत नाही, एवढेच.

आता करण्यासारखे काय आहे? आपल्या महाविद्यालयात दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या वेळी चित्रांचे आणि रांगोळ्यांचे प्रदर्शन भरते. त्यात एक भिंत हिवाळी छायाचित्रांसाठी मिळावी, अशी गुरुजनांना माझी विनंती आहे. आपण देवरी, सालेकसा, सडक-अर्जुनी, गोरेगाव अशा निरनिराळ्या भागांतून आणि लहानलहान गावांतून येथे येतो. प्रत्येकाने आपल्या गावच्या कडेचे एकच चित्र आणावे. त्याखाली गावाचे नाव, दिवस आणि वेळ लिहावी. झाड असेल तर आपल्या बोलीत त्याला काय म्हणतात ते लिहावे. माणूस असेल तर त्याच्या परवानगीने त्याचे नाव आणि काम लिहावे. छापलेल्या चित्राची एक प्रत त्या माणसाला नेऊन द्यावी. वाघाच्या चित्राला बंदी नको, पण त्याला भिंतीवर इतरांपेक्षा मोठी जागाही नको. पहाटे कोणी एकट्याने जंगलात जाऊ नये, घरच्यांना सांगून आणि सोबत घेऊन जावे, हेही येथेच सांगून ठेवते. चित्र दुसऱ्या दिवशी मिळते.

असे शंभर विद्यार्थ्यांनी केले तर एका हिवाळ्यात शंभर गावांचे जंगल एका भिंतीवर येईल. त्यात काही चित्रे हललेली असतील, काहींत आकाश जास्त झाले असेल, कोणाच्या चित्रात विजेची तार आडवी आली असेल. त्या तारेसाठी मी भांडणार नाही. ती टाळता आली तर अवश्य टाळावी. पण चित्र घेताना वाटेवरून कोणी येत असेल तर त्याला बाजूला व्हायला सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे. वाट त्याची आहे. आपण तेथे चित्रासाठी आलो आहोत, तो घरी चालला आहे.